कुंपणाला कुठलं झाड

"मी आहे तोवर अंगणात भिंत नको," एवढंच आई म्हणाली होती. त्या बोलण्यात काय दुखत होतं ते तिच्या दोन्ही मुलांना कळलं नाही असं नाही, पण कळलेलं अंगाला लावून घ्यायची त्या घरात कुणाला सवय नव्हती. दोघांनी ते वाक्य उलटंपालटं करून पाहिलं आणि गेल्या वर्षभरात पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं. भिंत नको म्हणजे झाडांचं कुंपण चालेल.

म्हणून सुट्टीच्या सकाळी सगळे अंगणात जमले. वडील गेल्यावर एकाच आवारात दोन घरं उभी राहिली होती. डावीकडे थोरल्याचं, उजवीकडे धाकट्याचं. मागे, बरोबर मधोमध, आजोबांची जुनी ऑफिसची खोली, आणि त्या खोलीत ताई. पुढच्या भिंतीत मधोमध फाटक, आणि फाटकापासून ताईच्या दारापर्यंत सरळ फरशीची वाट. या वाटेच्या दोन्ही अंगांना जो काही हिरवा तुकडा होता, तो आता वाटायचा होता.

ताई तिच्या दारात शिलाईचं मशीन घेऊन बसली होती. मशीनवर कुणाच्या तरी कोटाचं अस्तर होतं. ती दोघा भावांच्या मधली बहीण. खरं तर थोरला तिच्याहून मोठा, पण तोही तिला ताईच म्हणायचा. ताई म्हटलं की काम सांगायला सोपं जातं. नवऱ्याचं घर सोडून ती इथं परत आली तेव्हा "राहा की, आपलंच घर आहे" असं दोघेही म्हणाले होते. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा तर "ताई आहे म्हणून बरं" हे दोघांचं पालुपद होतं. वडील गेले आणि पालुपदातलं "म्हणून बरं" तेवढं गळून पडलं. राहिलं नुसतं "ताई आहे."

कुंपणाची निकड एका खिडकीने आणली होती. धाकट्याने माडीवर भली मोठी खिडकी काढली, आणि ती उघडली ती थेट थोरल्याच्या व्यायामाच्या जागेवर. थोरला दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावणारा हा माणूस स्वतःकडे कुणी डोकावलेलं मात्र खपवून घेत नसे. एका संध्याकाळी तो अर्ध्या चड्डीत, पोट आत ओढून वाकत असताना वरून कुणा पाहुणीचं हसू ऐकू आलं. त्या दिवसापासून दोन्ही घरांत बोलणं बंद आणि निरोप सुरू झाले. निरोप्याचं काम आईकडे आलं, कारण ती झोपायला थोरल्याकडे आणि जेवायला धाकट्याकडे होती.

धाकटा निराळ्याच धंद्यात होता. मोठमोठ्या ऑफिसांत जाऊन तो लोकांना एकोप्याने कसं वागावं ते शिकवायचा आणि त्याचे पैसे घ्यायचा. घरी मात्र तो ही विद्या फुकट वापरत नसे.

"कुंपण म्हणजे तोडणं नव्हे," त्याने खुर्चीतूनच सुरुवात केली. "कुंपण म्हणजे एकमेकांना दिलेली मोकळीक."

"तुझी मोकळीक माझ्या अंगणात येते म्हणून तर जमलोय," थोरला म्हणाला.

झाडांवर चर्चा सुरू झाली आणि प्रत्येकाने आपापला स्वभाव कुंडीत लावून आणला. धाकट्याला बांबू हवा होता, कारण बांबू भराभर वाढतो आणि वारा आला की छान आवाज करतो. थोरला म्हणाला, बांबूच्या मुळ्या जमिनीखालून दुसऱ्याच्या हद्दीत शिरतात आणि भलत्याच ठिकाणी डोकं काढतात. तो हे बांबूबद्दल बोलत होता, पण पाहत होता धाकट्याकडे. थोरल्याला सुरू हवे होते, सरळ, उंच, एका रांगेत. ते ऐकून धाकटी, म्हणजे धाकट्याची बायको, म्हणाली की सुरूची सावली दिवसभर आपल्याच बाजूला पडेल आणि थोरल्यांचं अंगण मात्र उन्हात हसत राहील. धाकटी लोकांची घरं सजवून द्यायची. तिला सावली कुठं पडते ते बरोबर कळायचं, विशेषतः स्वतःवर पडत असेल तर.

वहिनी म्हणजे थोरल्याची बायको, शाळेची मुख्याध्यापिका. तिला कण्हेर पसंत होती. बारमाही हिरवी, फार पाणी नको, गुरं तोंड लावत नाहीत.

"विषारी असते ना ती?" धाकटीने विचारलं.

"कुणी खाल्ली तर," वहिनी म्हणाली.

धाकटीने मग जास्वंद सुचवली. दाट होते, छाटली तर आकारात राहते आणि फुलंही येतात. पण फुलं कुणाच्या बाजूला येणार यावर बराच वेळ गेला. फुलं उन्हाकडे येतात, ऊन वहिनींच्या बाजूला, म्हणजे पाणी धाकटीने घालायचं आणि फुलं वहिनीने पाहायची. हे काही जमण्यासारखं नव्हतं. मेंदी सुचली, ती बुटकी म्हणून गेली. निवडुंग सुचला, तो कुणी बोलून दाखवला नाही तरी कुणाच्या मनात आला होता ते सगळ्यांना दिसलं. दोघेही भाऊ खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकत होते आणि आई दोघांच्या मधे, वाटेवर खुर्ची टाकून, जो बोलेल त्याच्याकडे मान वळवत होती.

ताई अस्तराला टाके घालत ऐकत होती. झाडांबद्दल तिला काही म्हणायचं नव्हतं आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं. तिचं सगळं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं. कुंपण कुठलंही असो, ते तिच्या खोलीच्या कुठल्या अंगाने जाणार? डावीकडून गेलं तर ती धाकट्याच्या वाट्याला, उजवीकडून गेलं तर थोरल्याच्या. दोन्ही घरांना तिच्याकडे येणारी गिऱ्हाइकं खुपत होती. दिवसभर कुणी ना कुणी वाटेवरून येतंय, कपड्यांचं गाठोडं काखेत, इकडे तिकडे बघतंय, दोन्ही घरांचे पडदे उघडे आहेत का मिटलेले ते पाहून जातंय. ज्याच्या वाट्याला ताई, त्याच्या वाट्याला ही वर्दळ. मग वर्ष-सहा महिन्यांत ओठांवर साखर ठेवून कुणीतरी म्हणणार, ताई, बाजारात एखादं दुकान का बघत नाहीस, तिथंच राहायचीही सोय होईल. ही खोली गेली तर तिला दुसरं घर नव्हतं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

आणि ताईला टोलवायला लगेच सुरुवात झाली. झाड ठरेना तेव्हा रेघ तरी ठरवू म्हणून सगळे उठले.

"तू धाकट्याच्या बाजूला बरी, ताई," थोरला मायेने म्हणाला. "त्याची माणसं हौशी. तुझी करमणूक होईल."

"छे, ताईला दादाची सवय," धाकटा त्याहून मायेने म्हणाला. "शिवाय आई रात्री दादाकडे असते. ताईला आईजवळ असलेलं बरं."

"आई जेवते तुमच्याकडे," वहिनी म्हणाली. "आणि ताईंच्या हातचं तिला आवडतं."

"आम्हाला तर ताई हव्याच आहेत," धाकटी म्हणाली, "पण आमचं अंगण मुळात अरुंद. त्यांची गैरसोय नको व्हायला."

ताईला इतकं सगळ्यांनी एकमेकांना याआधी कधी दिलं नव्हतं. देणाऱ्याचे हात हजार आणि घेणारा एकही नाही. तिने सुई अस्तरात खोवून ठेवली. वडिलांना कुशीवर वळवताना हेच चौघे दारात उभे राहून "हळू, हळू" म्हणत असत, ते तिला आठवलं. वाटणीत आपल्याला वाटा नाही, हे तिने कधीच गिळलं होतं. पण आपण वाटणीतली अडचण आहोत, आणि ती अडचण दोघे हसतमुखाने एकमेकांच्या गळ्यात मारताहेत, हे उघड्या अंगणात बसून ऐकायचं म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार होता.

 आता आईने विचारलं, "मग ताईचं काय करता?"

 तेव्हा धाकटीला तिच्या धंद्यातली युक्ती सुचली. एकच कुंपण कशाला? दोन घालू. एक दादांच्या बाजूचं, एक आमच्या बाजूचं. मधे ताईंची खोली. कुणीच कुणाला दिसायचं नाही.

सगळ्यांचे चेहरे उजळले. ही कल्पना आपल्याला का सुचली नाही म्हणून थोरल्याला किंचित वाईट वाटलं, तेवढंच.

"आणि ताईंनाही प्रायव्हसी नको का?" धाकटी म्हणाली. "त्यांचा कुणी विचारच करत नाही."

"अगदी खरं," वहिनी म्हणाली. कितीतरी महिन्यांनी ती जावेला अगदी खरं म्हणाली होती.

आता राहिली फक्की, म्हणजे चुन्याची रेघ. त्या घराची एक रीत होती. आजोबा रस्त्यांचे ठेकेदार. आयुष्यभर त्यांनी चुन्याच्या रेघा मारून रस्ते आखले, आणि घरातले तंटेही त्याच चुन्याने मिटवले. विहीर कुठं, माडीचा जिना कुठून, मुलांनी खेळायचं कुठवर, सगळं ते आधी जमिनीवर फक्कीने आखत, भांडणाऱ्यांना रेघेवर उभं करत आणि विचारत, कबूल? कबूल म्हटलं की पुन्हा त्यावर तोंड उघडायचं नाही. वडिलांनी ही रीत पाळली. दोन्ही घरांच्या जागाही अशाच ठरल्या होत्या आणि थोरला आपली जागा वाऱ्याची नाही म्हणून आजवर जळफळत असला तरी तोंडाने अवाक्षर बोलला नव्हता. फक्की पडली की पडली. देवाधर्मावरून त्या घरात कुणाचं कुणाशी पटत नसे, पण फक्की मोडायची छाती कुणाची नव्हती.

थोरल्याने सुतळी धरली, धाकट्याने चुन्याने भरलेला भोकाचा डबा. सुतळीचं एक टोक ताईच्या खोलीच्या कोपऱ्याला बांधलं. दुसरं कुठं बांधायचं यावर दोघांचं पुन्हा जुंपलं, पण हे भांडण फार सुटसुटीत होतं. प्रत्येकाला आपल्या बाजूची शेवटची वीतसुद्धा हवी होती. थोरला सरकत सरकत वाटेच्या फरशीपर्यंत आला.

"मातीचा कणही सोडायचा नाही मी," तो म्हणाला. "फरशीला लागून लावू."

"मग मीही फरशीला लागून," धाकटा म्हणाला.

"वाट ताईला राहू दे," थोरला उदारपणे म्हणाला. "वाटेत नाहीतरी उगवतंय काय?"

सुतळी फरशीच्या काठाने ताणली गेली आणि दुसरं टोक थोरल्याने समोर जे हाताला आलं त्याला, म्हणजे फाटकाच्या डाव्या खांबाला बांधलं. धाकट्याने उजव्या खांबाला.

ताई सांगायला उठली होती. माझ्या गिऱ्हाइकांनी यायचं कुठून, एवढं तिच्या ओठांवर आलंही होतं. वाकलेला धाकटा डबा आपटत आपटत फाटकाकडे निघाला आणि त्याच्या मागे पांढरी रेघ उमटत गेली. मग तो दुसऱ्या बाजूने परत आला. ताईने एका खांबाकडे पाहिलं, दुसऱ्या खांबाकडे पाहिलं, आणि मधल्या फाटकाकडे पाहिलं. आवाराला दुसरं फाटक नव्हतं. थोरल्याच्या भिंतीला बाहेरून विजेची मोठी पेटी चिकटलेली होती, धाकट्याच्या भिंतीला बसथांबा, म्हणजे नवं फाटक काढायलाही जागा नव्हती. ती पुन्हा खाली बसली आणि तिने तोंड मिटलं.

"झाड कुठलं ते ताईलाच ठरवू दे," थोरला म्हणाला. काम झाल्यामुळे त्याला सगळ्यांबद्दलच प्रेम वाटत होतं. "दोन्ही कुंपणं तिच्याच अंगाला आहेत."

"बोगनवेल," ताई म्हणाली. "चांगल्या काट्यांची."

"काटेरी?" धाकटी म्हणाली.

"फुलं दोन्हीकडून येतील. शिवाय कुणी मधून घुसणार नाही."

कुणी मधून घुसणार नाही, हे दोन्ही भावांना एकमेकांकडे बघताच पटलं. वहिनीने एकच अट घातली. फाटकापाशी वेल अगदी दाट हवी, रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला काहीसुद्धा दिसता कामा नये. ताई म्हणाली, दाटच लावू.

आई खुर्चीतून उठून वाटेवर उभी राहिली. तिने दोन्ही रेघा इथून तिथवर नीट पाहिल्या. मग तिने ताईकडे पाहिलं, आणि ताईला कळलं, आईला सगळं दिसलं होतं. आई आता बोलणार. तिला तिन्ही पोरं सारखीच, निदान ती तसं म्हणायची.

"उभे राहा दोघं," आई म्हणाली.

थोरला आपल्या रेघेवर उभा राहिला, धाकटा आपल्या.

"नीट बघितलंत ना? मागाहून मला सांगू नका."

"बघितलं," धाकटा म्हणाला.

"दादा, तू?"

"आई, मी दातातली फट बघतो, एवढी मोठी रेघ दिसणार नाही का?"

"कबूल?"

"कबूल," दोघेही म्हणाले. बायकांनीही माना डोलावल्या. आई परत खुर्चीत बसली आणि ताईने अस्तरात खोवलेली सुई पुन्हा हातात घेतली.

त्यानंतर दोन्ही घरांत बऱ्याच दिवसांनी मनमोकळं वातावरण झालं. जावा-जावा बोगनवेलीच्या रंगावर बोलल्या. धाकटा थोरल्याला म्हणाला की मनात आणलं तर काहीही सुटतं, तो हेच तर लोकांना शिकवतो. थोरला म्हणाला, तरीच ऑफिसं बुडताहेत, आणि दोघेही हसले. मग थोरल्याला दवाखान्यात कुणी दुखऱ्या दाढेचा माणूस थांबलाय हे आठवलं. त्याने घरात जाऊन पिशवी घेतली, बूट चढवले आणि नेहमीसारखा तिरपा फाटकाकडे निघाला. रेघेशी आला आणि ओलांडायला त्याने पाय उचलला.

"दादा, जपून," ताई म्हणाली. "काटे लागतील."

"कसले काटे? नुसता चुना आहे."

"आता चुना आहे. पाय आत टाकायची सवय लागली की मग बोचेल तुलाच."

थोरला हसायला लागला आणि हसता हसता थांबला. त्याने रेघ पाहिली, रेघेपलीकडची वाट पाहिली, वाटेच्या टोकाचं फाटक पाहिलं. मग त्याने मागे वळून आपलं हिरवंगार, शेवटच्या वितीपर्यंत मिळवलेलं अंगण पाहिलं. तिन्ही बाजूंना भिंत आणि चौथ्या बाजूला बोगनवेल. उचललेला पाय त्याने सावकाश होता तिथंच ठेवला.

धाकटा मोठ्याने हसला. हसू पुरतं बाहेर पडायच्या आत त्यालाही आपल्या अंगणाच्या चार बाजू मोजता आल्या.

"हे चुकून झालं," तो म्हणाला. "सुतळी जरा इकडे घेऊ."

"फक्की पडलीय," आई म्हणाली.

"अगं पण आई, माणसांनी जायचं कुठून?"

"मी विचारलं होतं. नीट बघितलंत ना, म्हटलं."

"ताई, तुम्हाला दिसलं होतं?" वहिनीने शाळेतल्या आवाजात विचारलं.

"दिसलं होतं," ताई म्हणाली.

"मग बोलला नाहीत ते?"

"माझं काय करायचं ते तुम्ही चौघं ठरवत होतात, वहिनी. मधे कशी बोलणार?"

 धाकटी नवऱ्याकडे अशा नजरेने पाहू लागली की जणू सुतळी त्यानेच शोधून काढली होती, आणि धाकटा तिच्याकडे अशा, की दोन कुंपणांची युक्ती कुणाची होती. ताईला आनंद झाला. तो आपल्याला शोभतो का, असा विचारही तिने केला, आणि शोभत नसला तरी तो तिने ठेवून घेतला.

"मी काही कुणाला कोंडून घालणार नाही," ती धाकट्याला म्हणाली. "वेलीत दोन फटी ठेवू. एक दादाच्या बाजूला, एक तुझ्या. माझ्या खिडकीपुढे."

"खिडकीपुढे?" थोरला म्हणाला. "तिथं मागे? फाटकापाशी ठेव ना. दोन पावलांत बाहेर."

"फाटकापाशी वेल दाट हवी. वहिनींची अट आहे."

 वहिनीने बोलायला तोंड उघडलं होतं, पण आई तिच्याकडे पाहत होती.

"फाटक माझं म्हणजे गिऱ्हाइकं माझी येणार," ताई पुढे म्हणाली. "वाटेवर माणसं असतील, तुम्ही आपलं कडेकडेने येत चला. कोण आलं, कोण गेलं, मी काही मुद्दाम बघणार नाही. मशीन एरवी खिडकीशीच असतं, तेव्हा दिसेल तेवढं दिसेल."

थोरला पिशवी घेऊन उभाच होता. दुखरी दाढ दवाखान्यात खोळंबली होती. त्याने एकदा रेघेकडे आणि एकदा आईकडे पाहिलं, आणि तो मागे वळला. आपल्याच अंगणातून, रेघेच्या अलीकडून, तो मागे खोलीपर्यंत चालत गेला. खिडकीपुढे जरा घुटमळला, मग वाटेवर उतरला. आता तिथून फाटकापर्यंत लांबच लांब वाट, आणि दोन्ही बाजूंना माणसं उभी.

ताईने मशीनवरचं अस्तर सारखं केलं.

"दादा," ती म्हणाली, "संध्याकाळी किती वाजता येशील?"

थोरला थांबला. केव्हा येतो, कुठून येतो, हे त्याने आजवर बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

"आठ वाजतील," तो म्हणाला.